अंगकोरची शपथ

पाचवा जयवर्मा इ. स. १००० च्या सुमारास निवर्तला आणि कंबुज देशाच्या (आजच्या कंबोडियाच्या) तख्तावर हक्क सांगणारे एकाहून अधिक पुरुष उभे राहिले, हे त्या राज्याच्या घडणीला अनुसरूनच झाले. कारण ज्येष्ठ पुत्रानेच गादीवर बसावे असा निरपवाद दंडक तेथे कधी रुजलाच नव्हता. मातृकुलाचे नाते, राजघराण्यातील विवाह, पुरोहितकुळांचा पाठिंबा आणि हाताशी असलेली फौज यांचे पारडे ज्याच्या बाजूस झुके, तो राजा ठरे. पूर्वीचा राजा यशोवर्मा याच्या बहिणीचा पती चौथा जयवर्मा याने तर दहाव्या शतकात राजधानी अंगकोर सोडून कोह केर येथे निराळी राजधानी थाटली होती.

प्रथम आलेल्या उदयादित्यवर्म्याची कारकीर्द अल्पकाळातच संपली. पुढे अंगकोर जयवीरवर्म्याच्या हाती राहिले. त्याचे शिलालेख १००३ ते १००६ पर्यंतचे मिळतात. त्याच काळात सूर्यवर्मा हा तिसरा दावेदार पूर्वीचा राजा इंद्रवर्मा याच्या मातृकुलाशी आपले नाते सांगत मुलूख जिंकत होता. हे युद्ध सुमारे नऊ वर्षे चालले. ज्या वेळी ते संपले, त्या वेळी राज्य सूर्यवर्म्याच्या हाती आले होते. परंतु कालपर्यंत दुसऱ्याची चाकरी केलेल्या अंमलदारांच्या निष्ठेचा बंदोबस्त व्हावयाचा होता.

म्हणून शके ९३३ मध्ये, म्हणजे इ. स. १०११ साली, ‘तम्रवाच’ नावाच्या अधिकाऱ्यांनी पवित्र अग्नीसमोर, ब्राह्मण व आचार्य यांच्या साक्षीने घेतलेली शपथ राजवाड्याच्या गोपुरात, शपथ घेणाऱ्यांच्या नावांसह कोरण्यात आली. अन्य राजाला मान देणार नाही, शत्रूशी संधान बांधणार नाही, रणातून पळणार नाही, आणि वचन मोडल्यास चंद्रसूर्य असेतो बत्तीस नरकांत जन्म घेऊ, असा तिचा आशय आहे; उलट बाजूने, निष्ठा राखल्यास राजाने आमची देवस्थाने चालवावीत व आमच्या कुटुंबांचे पोषण करावे, अशी मागणीही तीत आहे. मला या लेखाचे खरे मोल येथे दिसते: ही शपथ केवळ शरणागती नसून उभय पक्षांना बांधणारा करार आहे. आणि त्यात सूर्यवर्म्याचे राज्य शके ९२४ पासून गणले आहे! ज्या वर्षांत जयवीरवर्मा प्रत्यक्ष अंगकोरात हुकूम सोडत होता, ती वर्षेही विजेत्याने आपल्या खाती जमा करून घेतली.

अधिकाऱ्यांप्रमाणे पुरोहितकुळालाही त्याने बांधून घेतले. युद्धाच्या काळात भद्रपत्तन व स्तुक रन्सी येथील मूर्ती फोडल्या गेल्या होत्या. त्यांची पुनःस्थापना ज्या सदाशिवाने केली, तो पिढीजात राजपुरोहितांच्या कुळातील. त्याला संन्यस्त जीवनातून गृहस्थाश्रमात आणून सूर्यवर्म्याने आपली राणी वीरलक्ष्मी हिच्या बहिणीशी त्याचा विवाह लावला. तलवारीपेक्षा ही सोयरीक अधिक दूरदृष्टीची होती, असे मला वाटते.

सूर्यवर्मा १०५० मध्ये वारला. तरीही पुढल्याच वर्षी दक्षिणेत अरविंदह्रदाने, आणि १०६५ च्या सुमारास राजाच्याच मर्जीतील कंवौ नामक सेनापतीने, त्याच्यानंतर गादीवर आलेल्या दुसऱ्या उदयादित्यवर्म्याविरुद्ध बंड पुकारले. ही दोन्ही बंडे संग्राम या सेनानीला मोडून काढावी लागली.