सोडा वॉटर, पुदिना आणि पाण्याखालचं जंगल

आजचा भाग कार्बन डायऑक्साइडवर आहे. नाही, हवामान बदलाचा विषय नाही. घरातल्या फिश टँकमधली झाडं जगणार की सडणार, हे ज्याच्यावर बऱ्याचदा ठरतं, त्या कार्बन डायऑक्साइडबद्दल बोलू.

ज्यांनी हौसेने टँकमध्ये झाडं लावली आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. दुकानात झाड हिरवंगार असतं. घरी आणल्यावर दोन-तीन आठवड्यांत पानं पारदर्शक व्हायला लागतात, कडांवर शेवाळ चढतं. मग आपण खत टाकतो, लाइट वाढवतो, आणि शेवाळ अजूनच जोरात वाढतं! मजा म्हणजे, यामागचं मुख्य कारण १७८२ मध्येच छापून आलं होतं. पण हौशी लोकांच्या टँकपर्यंत पोचायला त्याला जवळपास दोनशे वर्षं लागली.

गोष्ट सुरू होते इंग्लंडमधल्या लीड्स शहरात. १७६७ मध्ये जोसेफ प्रीस्टली नावाचा पाद्री तिथे राहायला आला. शेजारीच बिअरचा कारखाना होता. आंबणाऱ्या बिअरच्या हौदावर एक जड गॅस साचायचा, त्यात मेणबत्ती धरली की विझायची. तेव्हा त्याला ‘फिक्स्ड एअर’ म्हणत, तोच आपला कार्बन डायऑक्साइड. प्रीस्टलीने हौदावर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतून पाहिलं. गॅस पाण्यात विरघळला आणि पाणी चवीला झणझणीत लागलं. झालं, सोडा वॉटर! १७७२ मध्ये त्याने त्याची पद्धत छापली.

त्याच्या एक वर्ष आधी, १७७१ च्या ऑगस्टमध्ये, त्याने दुसरा प्रयोग केला होता. मेणबत्ती जळून विझलेल्या बंद हवेत त्याने पुदिन्याची काडी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा पेटली. म्हणजे झाड ‘बिघडलेली’ हवा दुरुस्त करतं. एका हातात सोडा, दुसऱ्या हातात पुदिना, पण दोन्ही एकत्र आणायचं काही त्याला सुचलं नाही. (आपल्याला सुचतं, पण ते वेगळ्या कारणासाठी.)

पुढचं काम केलं यान इंगनहाउसने. हा डच डॉक्टर, देवीची लस टोचण्यासाठी व्हिएन्नाच्या राजघराण्याने बोलावलेला. १७७९ च्या उन्हाळ्यात लंडनजवळच्या एका घरात बसून त्याने पाचशेहून जास्त प्रयोग केले. त्याची युक्ती साधी होती. पानं पाण्यात बुडवायची, उन्हात ठेवायची आणि येणारे बुडबुडे गोळा करायचे. आज टँकमधल्या पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे दिसले की आपण लगेच फोटो काढतो ना, तेच बुडबुडे. दोन गोष्टी त्याच्या लक्षात आल्या. काम प्रकाशामुळे होतं, उष्णतेमुळे नाही. आणि अंधारात झाडं उलट वागतात, प्राण्यांसारखीच हवा बिघडवतात. हा दुसरा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मग १७८२ मध्ये जिनिव्हाच्या जाँ सेनबिए याने कोडं सोडवलं. पाणी उकळून त्यातला गॅस काढून टाकला तर बुडबुडे येत नाहीत. फिक्स्ड एअर विरघळवलं तर भरपूर येतात. म्हणजे पाण्याखालच्या पानाला नुसता प्रकाश पुरत नाही, पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवा.

आता थेट १८४९. लंडनचा रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन बारा गॅलनच्या काचेच्या भांड्यात झऱ्याचं पाणी भरतो, दोन गोल्डफिश सोडतो आणि व्हॅलिस्नेरिया ही रिबिनीसारख्या पानांची वनस्पती लावतो. जुनी पानं कुजून पाणी खराब व्हायला लागलं, तेव्हा ती खायला त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणल्या. भांडं टिकलं. मासे कार्बन डायऑक्साइड देतात, झाडं ऑक्सिजन देतात, गोगलगायी झाडलोट करतात. १८५० मध्ये हे छापून आलं, १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, आणि ‘स्वतःच समतोल राखणारा टँक’ ही कल्पना रुजली ती रुजलीच.

माझं मत विचाराल तर घोळ इथेच झाला. कल्पना चुकीची नव्हती, अर्धवट होती. व्हॅलिस्नेरिया ही कणखर वनस्पती आहे. गॅस कमी पडला तर ती पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढते. सगळ्या झाडांना हे जमत नाही. म्हणजे वॉरिंग्टनने डेमोसाठी नेमकं असं झाड निवडलं होतं, जे अडचणीतही चालतं. आणि एकदा डेमो चालला की पुढचे प्रश्न कोण विचारतो?

आकडे बघा. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात एका लिटरला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो. त्यात हा गॅस हवेपेक्षा पाण्यात सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. पानाने आजूबाजूचा गॅस संपवला की नवा पोचायला वेळ लागतो. चार-दोन मासे श्वासातून देतात त्याने भरपाई होत नाही. शिवाय एअर पंप लावला की पाण्यात जास्तीचा साठलेला गॅसही बाहेर जातो. खिडकीतल्या मंद उजेडात हे जाणवत नव्हतं, कारण झाडांची भूकच कमी होती. ट्यूबलाइट आल्या, प्रकाश वाढला, आणि मग खरा बॉटलनेक उघडा पडला. झाड अडकलं, पण कमी कार्बनवर भागवणारं शेवाळ अडकलं नाही.

प्रयोगशाळेत मात्र सगळं माहीत होतं. जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात हायड्रिलावर काम करून १९२४ मध्ये प्रकाशसंश्लेषणावर अख्खं पुस्तक लिहिलं. आपणही शाळेत हायड्रिलावर काचेचं नरसाळं आणि वर परीक्षानळी उलटी ठेवून बुडबुडे बघितले. सरांनी पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला होता, आठवतंय? तो कशाला, हे मात्र क्वचितच कुणी विचारलं असेल.

हौशी लोकांकडे हे ज्ञान आलं ते जर्मनी आणि जपानमधून. जर्मनीत डुप्लाच्या कास्पर होर्स्ट आणि होर्स्ट किपर यांनी १९८० च्या दशकात टँकमध्ये मोजून गॅस सोडण्याची पद्धत लोकप्रिय केली. जपानमध्ये ताकाशी अमानो होते. निइगाताचे, आधी व्यावसायिक सायकल रेसर, नंतर फोटोग्राफर. त्यांच्या कंपनीत सांगितली जाणारी गोष्ट अशी, की सुरुवातीला त्यांनी टँकमध्ये चक्क सोडा वॉटर ओतून पाहिलं, आणि पानांवर बुडबुडे चमकले. प्रीस्टलीच्या घरात सुटलेली जोडी अखेर जुळली! पुढे सिलिंडर आले, डिफ्यूझर आले. लिस्बनमध्ये २०१५ साली त्यांनी चाळीस मीटर लांबीचं पाण्याखालचं जंगल उभारलं. त्याच वर्षी ते गेले.

आता तो राखून ठेवलेला मुद्दा. सिलिंडर लावणारे बरेच जण लिटरला २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत गॅस नेतात. तपासायला टँकमध्ये एक छोटा काचेचा बल्ब लटकवतात. त्यातलं द्रव निळं असेल तर गॅस कमी, हिरवं म्हणजे ठीक, पिवळं झालं तर जास्त. जास्त झालं की मासे वर येऊन धापा टाकतात. रात्री तर धोका वाढतो, कारण इंगनहाउसने सांगितलं तसं झाडंही तेव्हा ऑक्सिजन वापरत असतात आणि गॅस सोडत असतात. म्हणून लाइटच्या टायमरवरच गॅसचा व्हॉल्व्ह जोडतात, आणि लाइट बंद व्हायच्या तासभर आधी तो बंद करतात.

सिलिंडर परवडत नसेल तर साखर आणि यीस्टची बाटली चालते, पण ती रात्री बंद करता येत नाही. तेव्हा छोट्या टँकवर लावणार असाल तर रात्री एअर पंप चालू ठेवा. आणि सकाळी उठल्यावर मोबाइल बघायच्या आधी एकदा मासे बघा.