वाघाला हार घालणे हा गुन्हा आहे काय?

1 जानेवारी 1996. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात दोघेजण 'शिवा' नावाच्या वाघाला हार घालण्यासाठी त्याच्या आवारात उतरले. त्यांतील एक जिवंत परतला नाही.

यात कायदा कोणता मोडला, याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. 1860 च्या भारतीय दंड संहितेत फौजदारी अतिक्रमणासाठी नुसते आत शिरणे पुरेसे नव्हते. गुन्हा करण्याचा, किंवा जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याला धमकावण्याचा, अपमानित करण्याचा वा त्रास देण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागे. शिक्षा जास्तीत जास्त तीन महिने कैद, 500 रुपये दंड किंवा दोन्ही. आणि वाघ कितीही डरकाळ्या फोडो, कायद्याच्या लेखी तो त्या जागेचा ताबेदार नव्हे!

मुळात माणसाला वाघाच्या दारात इतक्या सहज उतरता येऊ लागले, ते गज गेल्यामुळे. 1907 मध्ये कार्ल हागेनबेक याने हॅम्बुर्गजवळ श्वापदांना गजांऐवजी खंदकांपलीकडे ठेवणारे प्राणिसंग्रहालय उघडले. प्रेक्षकांना पशू मोकळा भासे. मध्ये असे ते केवळ अंतर. याच घराण्यातील कार्ल हाइनरिख हागेनबेक याने 1956 मध्ये दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयासाठी खंदकांचा आराखडा सुचविला. 1959 मध्ये त्याचे उद्घाटन केले ते विदर्भाचे सुपुत्र, तत्कालीन केंद्रीय मंत्री पंजाबराव देशमुख यांनी.

खंदकाला कायद्याची जोड मिळायला मात्र 1991 उजाडले. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मध्ये त्या वर्षी घातलेल्या 38-जे कलमाने प्राणिसंग्रहालयातील पशूंची छेड काढणे, त्यांना इजा करणे, खाऊ घालणे, आवाजाने 'किंवा अन्य प्रकारे' त्यांची शांतता भंग करणे निषिद्ध ठरविले. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास एक वर्ष आणि 5000 रुपये. आवारात शिरण्याचा स्पष्ट उल्लेख या कलमात नाही. पण 'अन्य प्रकारे' या दोन शब्दांत हार घेऊन उतरणाराही सापडतो. येथे ताबेदाराची मर्जी विचारली जात नाही, पशूची शांतता पाहिली जाते. हा बदल लहान नव्हे.

23 सप्टेंबर 2014 रोजी दिल्लीत याच खंदकयुक्त रचनेत एक तरुण 'विजय' या पांढऱ्या वाघासमोर जाऊन पडला आणि मृत्युमुखी पडला. विजयला मारण्यात आले नाही. 2016 च्या मे महिन्यात चिलीमधील सांतियागो येथे सिंहांच्या आवारात शिरलेल्या माणसाला वाचविण्यासाठी मात्र दोन सिंहांना गोळ्या घालण्यात आल्या. माणूस वाचला.