शेरामागं एक आणा

उरणजवळच्या खाडीकाठी आमच्या नानीचं घर होतं. तिथं जेवणाची सुरुवात मिठानं व्हायची. बिस्मिल्ला म्हणायचं, मिठाचा कण जिभेवर ठेवायचा आणि मग भाकरीचा तुकडा मोडायचा. मीठ सांडलं तर मात्र ती एरवी कधी ओरडायची नाही तशी ओरडायची. एवढ्याशा मिठाचं काय, असं आम्हा पोरांना वाटे. तिच्या लहानपणी मिठागराच्या वाटेवर मीठ खात्याचा शिपाई फिरायचा. भरती ओसरल्यावर खाजणात पांढरा थर धरतो, तोसुद्धा खरवडून घरी आणायची चोरी होती. ‘दर्या आपल्या दारात, मीठ मात्र सरकारचं,’ असं ती सांगायची.

बी.ए.ला असताना गोपाळ कृष्ण गोखल्यांचा धडा आला की आम्ही मागच्या बाकावर जांभया द्यायचो. गांधीजींनी उचललेलं मूठभर मीठ आम्हाला कवितेसारखं वाटायचं. गोखल्यांची अंदाजपत्रकावरची भाषणं म्हणजे नुसतं गणित, आणि गणितात मी कायम काठावर पास. त्यांना ‘मवाळ’ म्हटलं की विषय संपत असे. ती भाषणं मी प्रत्यक्ष वाचली ती चाळिशी उलटल्यावर, एका ग्रंथालयात, पाऊस थांबायची वाट बघताना. पाऊस थांबला, तरी मी उठलो नाही.

गणित सोपं आहे. १८८२ साली मिठावरचा कर मणाला दोन रुपये होता. जानेवारी १८८८ मध्ये तो अडीच रुपये झाला. उत्तर ब्रह्मदेश जिंकल्याचा खर्च अंगावर आला होता, रुपयाचा भाव घसरत होता, आणि ही तूट भरायला सरकारला मीठच दिसलं. अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे, मण म्हणजे चाळीस शेर. म्हणजे शेरामागं एक आणा नुसता कर. मिठाची किंमत वेगळी. माणसाला वर्षाला पाच-सहा शेर मीठ लागतं, तेव्हा पाच माणसांच्या घराचे झाले पंचवीस-तीस आणे. शेतमजुराला दिवसाला दोन-तीन आणे मिळायचे, असा तो काळ. वर्षातले दहाएक दिवस घरचा कर्ता फक्त मिठाच्या करासाठी राबायचा. आणि बंगल्यात राहणाऱ्या हजार रुपये पगाराच्या साहेबालाही माणशी कर तेवढाच, कारण श्रीमंत काही जास्त खारट खात नाही.

१८९० च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये चोवीस वर्षांचे गोखले या करावर बोलले. पुढची सतरा वर्षं त्यांनी तो विषय सोडला नाही.

कर कमी करा म्हटलं की सरकार विचारणार, मग खर्च कुठून करू? म्हणून खर्चाचाही हिशेब मागावा लागतो. दादाभाई नौरोजी हे काम कितीतरी आधीपासून करत होते. हिंदुस्थानच्या तिजोरीतून काय काय खर्च होई, हे वाचताना हसावं की रडावं कळत नाही. लंडनमधल्या इंडिया ऑफिसचा खर्च आपल्यावर. ज्या मंत्र्याला आपण निवडलं नाही त्याचा पगारही आपल्यावर, आणि हा पगार १९१९ च्या कायद्यापर्यंत आपणच भरत होतो. १८६७-६८ साली मुंबईहून फौज अ‍ॅबिसिनियाच्या लढाईवर गेली, तर त्या हिंदी शिपायांचा नेहमीचा पगार आपल्याच माथी. १८६७ च्या जुलैत तुर्कस्तानचे सुलतान अब्दुल अझीझ लंडनला आले. त्यांच्या सन्मानार्थ इंडिया ऑफिसात नाचाचा समारंभ झाला आणि त्याचं बिल आलं हिंदुस्थानला. सुलतान म्हणजे तेव्हाचे खलिफा. आमच्या खाडीकाठच्या पूर्वजांना त्यांचं नाव ठाऊक होतं की नाही, कुणास ठाऊक. त्यांच्या नाचाचा खर्च मात्र या लोकांच्या मिठातूनही गेला.

या साऱ्या खर्चाच्या चौकशीसाठी १८९५ साली वेल्बी कमिशन नेमलं गेलं. दादाभाई त्याचे सदस्य होते. १८९७ मध्ये गोखले लंडनला जाऊन साक्ष देऊन आले. साक्ष उत्तम झाली. पण त्याच मुक्कामात, पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून, त्यांनी प्लेगच्या बंदोबस्तातल्या गोऱ्या शिपायांच्या अत्याचारांबद्दल जाहीर विधान केलं. परतल्यावर ते सिद्ध करता आलं नाही आणि त्यांनी बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांची छी-थू झाली. दुसरा कुणी सार्वजनिक कामातून उठला असता. मला वाटतं, पुढं त्यांच्या प्रत्येक आकड्याला जे वजन आलं त्यामागं हा पोळलेला हात होता.

२६ मार्च १९०२. कलकत्त्याचं वरिष्ठ कायदेमंडळ, अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन, अर्थखात्याचे सदस्य सर एडवर्ड लॉ. मंडळात सरकारी लोकांचं बहुमत. १८९२ च्या कायद्यानं सभासदांना अंदाजपत्रकावर बोलायची मुभा होती, पण मत द्यायची नव्हती. वर्षातून एकदा बोलायचं आणि खाली बसायचं. त्या वर्षी सात कोटींची शिल्लक पडली होती. इतर सभासद अभिनंदन करत होते. गोखले उठले आणि म्हणाले, या अभिनंदनात मला सामील होता येत नाही. गेल्या पाच-सहा वर्षांत दोन मोठे दुष्काळ पडले, प्लेग चालूच आहे, आणि अशा काळात तिजोरी भरून वाहते याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतलं जातं आहे. रुपया घसरला म्हणून लावलेले कर, रुपया सावरल्यावरही तसेच का? मिठाचा कर वाढल्यावर दरडोई मीठ कमी खाल्लं गेलं, हेही त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवलं. तोवर तूट ही सरकारची लाज मानली जाई. शिल्लक हीसुद्धा लाज असू शकते, हे त्या सभागृहात एवढ्या स्पष्टपणे प्रथमच ऐकू आलं असावं.

हे आकडे एकट्या गोखल्यांनी जमवले नव्हते. गणेश व्यंकटेश जोशी नावाचे एक शिक्षक होते, सरकारी नोकरीतले, पुढं सोलापूरला असलेले. सरकारी अहवालांचे ढीग उपसून हा माणूस सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात लिहायचा, गोखल्यांना भाषणासाठी आकडे पुरवायचा. त्यांचं नाव आज किती जणांना आठवतं?

जानेवारी १९०३ मध्ये दिल्लीला दरबार भरला, हत्ती झुलले. मार्चमध्ये मिठाचा कर दोन रुपयांवर आला. १९०५ साली दीड, १९०७ साली एक रुपया. सगळं श्रेय भाषणांना देणं खरं नाही. तिजोरीत पैसा होता आणि दरबारातच करसवलत जाहीर करावी असं खुद्द कर्झनच्या मनात होतं, लंडननं ते होऊ दिलं नाही. पण मागणी कुणी वर्षानुवर्षं मांडतच नसेल, तर सवलत द्यायची कुणाला आठवण राहते? कर उतरला तसा मिठाचा खप वाढला आणि गोखल्यांचं गणित सरकारी तक्त्यातच सिद्ध झालं.

आणखी एक गोष्ट १९०३ साली झाली. प्राप्तिकराची मर्यादा वर्षाला पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. ही मागणीही गोखल्यांचीच. तिचा फायदा कारकून, मास्तर, लहान वकील यांना, म्हणजे भाषणं वाचणाऱ्यांनाच. यावरून त्यांना टोचता येईल. पण मीठ पिकवणाऱ्या आगऱ्यानं ते भाषण कधीच वाचलं नसणार, आणि तरी शब्द त्याच्यासाठीही खर्ची पडले होते.

सरकारनं नुसता हात आखडता घ्यावा, असं गोखल्यांचं म्हणणं नव्हतं. फौजेवरचा खर्च कमी करा आणि शाळा काढा, असं त्यांचं मागणं होतं. १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. १९१२ मध्ये ते फेटाळलं गेलं. पैसे नाहीत, हेही एक कारण सांगितलं गेलं.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी ते गेले. पुढच्याच वर्षी, महायुद्धाच्या काळात, मिठाचा कर सव्वा रुपया झाला. १९२३ साली असेंब्लीनं नको म्हटलं असतानाही व्हाइसरॉयनं खास अधिकारात तो पुन्हा अडीच रुपये केला, म्हणजे परत शेरामागं एक आणा. वर्षभरानं तो सव्वावर आला, आणि १९३० साली दांडी घडली. कर खरोखर गेला तो १९४७ साली. तो रद्द करणारं अंदाजपत्रक फेब्रुवारीत मांडलं हंगामी सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांनी. त्याच ऑगस्टमध्ये ते दुसऱ्या देशाचे पंतप्रधान झाले.

नानीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. शिपाई यायचा थांबला, एवढं तिला कळलं. मिठाची बरणी मात्र ती शेवटपर्यंत वरच्या फळीवर, आमचा हात पोचणार नाही अशी ठेवायची.