ठिपक्यांच्या आड : पापुन्याच्या चित्रकारांची गोष्ट

१/ २००७ साली मेलबर्नच्या एका लिलावात ‘वार्लुगुलाँग’ हे चित्र २४ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना विकले गेले. चित्रकार क्लिफर्ड पॉसम जापाल्जारी, रचनाकाल १९७७. पूर्वी एका बँकेने ते अवघ्या १२०० डॉलरना घेतले होते आणि आपल्या प्रशिक्षण केंद्राच्या उपाहारगृहात टांगले होते. चित्रभर बारीक ठिपके आहेत. या ठिपक्यांच्या आड काय आहे, याची ही गोष्ट. 🧵

२/ मध्य ऑस्ट्रेलियातील अ‍ॅलिस स्प्रिंग्जपासून सुमारे २४० किलोमीटरवर पापुन्या ही वसाहत आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस सरकारने ती उभारली. पिंटुपी, लुरिचा, वार्लपिरी अशा निरनिराळ्या आदिवासी समूहांना तेथे एकत्र वसवण्यात आले. त्यांनी आपली जीवनरीत सोडून गोऱ्या समाजात मिसळून जावे, हे सरकारी धोरण होते.

३/ या लोकांच्या जगाचा पाया म्हणजे ‘जुकुर्पा’. इंग्रजीत त्याला ‘ड्रीमिंग’ म्हणतात. परंतु त्या शब्दाने अर्थ पुरता कळत नाही. आदिपूर्वज भूमीवरून प्रवास करीत गेले; त्यांच्या कृतींतून टेकड्या, पाणवठे, प्राणी आणि माणसांचे नीतिनियम घडले, अशी ही धारणा आहे. म्हणजे एकाच कथेत धर्म, भूगोल आणि कायदा. पाणी कोठे मिळेल हेही त्या कथेतच सांगितलेले असते. वाळवंटात यापरते मोलाचे ज्ञान कोणते?

४/ हे ज्ञान गाण्यांत, नृत्यांत आणि आकृत्यांत जपले जाई. आकृत्या वाळूवर, अंगावर, विधींच्या वस्तूंवर काढल्या जात. भूमीवरचे चित्र विधी आटोपल्यावर रांगोळीप्रमाणे नाहीसे होई. शिवाय सर्व काही सर्वांसाठी नसे. पुरुषांचे विधी निराळे, स्त्रियांचे निराळे. दीक्षा झाल्याखेरीज काही आकृत्या पाहण्याचीही मुभा नसे.

५/ १९७१ साली जेफ्री बार्डन हा तरुण शिक्षक पापुन्याच्या शाळेत रुजू झाला. मुले वाळूत बोटांनी आकृत्या काढतात, हे त्याच्या लक्षात आले. त्याने शाळेच्या भिंतींवर चित्रे काढण्याची कल्पना मांडली, आणि लवकरच वसाहतीतील वडीलधाऱ्या पुरुषांनी ते काम आपल्या हाती घेतले.

६/ मुख्य चित्र होते मधमुंगीच्या जुकुर्पाचे. ही मुंगी पोटात मध साठवते आणि पापुन्या हे तिचेच पवित्र स्थान आहे. आरंभी मुंग्या पाश्चात्त्य पद्धतीने रंगवल्या होत्या. बार्डन यांनी विचारणा केल्यावर त्या पुसून पारंपरिक खुणा काढल्या गेल्या, असे त्यांनीच नमूद केले आहे. सरकारी शाळेच्या भिंतीवर त्या भूमीची मूळ कथा प्रकटली! १९७४ साली मात्र हे भित्तिचित्र रंग फासून झाकण्यात आले.

७/ सारे श्रेय शिक्षकाला देणे मात्र अन्यायाचे ठरेल. भित्तिचित्राचे नेतृत्व करणारे कापा जाम्पिजिन्पा बार्डन येण्यापूर्वीपासून चित्रे काढीत होते. ऑगस्ट १९७१ मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या कला-स्पर्धेत त्यांच्या चित्राला प्रथम पुरस्कार विभागून मिळाला. १९७२ साली चित्रकारांची स्वतःची कंपनी स्थापन झाली : ‘पापुन्या तुला आर्टिस्ट्स’. आरंभीची चित्रे टाकाऊ फळ्यांवर, हाती येईल त्या तुकड्यावर काढलेली आहेत.

८/ येथेच पेच उद्भवला. या पहिल्या चित्रांपैकी काहींत गुप्त विधींच्या वस्तू उघडपणे रंगवल्या होत्या. वाळूवरचे चित्र पुसले जाई. फळीवरचे टिकून राही, विकले जाई, प्रदर्शनात लागे. पाहण्याचा अधिकार नसलेल्यांच्या दृष्टीस ते पडू लागले, आणि इतर आदिवासी समूहांतील ज्येष्ठांनी तीव्र आक्षेप घेतला.

९/ चित्रकारांनी रंगकाम थांबवले नाही. त्यांनी चित्र बदलले. गुप्त वस्तू व खुणा वगळल्या गेल्या. अंगावरच्या व भूमीवरच्या चित्रणात ठिपके पूर्वीपासून होतेच. आता ते पसरत जाऊन सबंध पृष्ठभाग व्यापू लागले. जाणत्याला कथा ओळखता येई. इतरांना केवळ लय आणि रंग दिसत. जगाने ज्याला आधुनिक अमूर्त शैली म्हणून वाखाणले, तिच्या घडणीत ज्ञानावर घातलेल्या या पडद्याचाही वाटा आहे.

१०/ ‘वार्लुगुलाँग’कडे आता पुन्हा पाहू. लुंगकाटा या पूर्वजाच्या दोन मुलांनी कांगारूची शिकार केली आणि पित्याला वाटा न देता स्वतःच खाल्ली. संतप्त पित्याने वणवा पेटवला आणि मुले त्यात सापडली. वणव्याची ही कथा वाटून खाण्याचा नियम शिकवते, आणि चित्रात ती इतर अनेक पूर्वजांच्या वाटांसह नकाशासारखी मांडलेली आहे.

११/ वाटून घेण्याचा हा नियम बाजाराला ठाऊक नव्हता. जॉनी वारंगकुला जुपुरुला यांनी १९७२ साली काढलेले पाण्याच्या जुकुर्पाचे चित्र १५० डॉलरना विकले होते. १९९७ साली ते २ लाख ६ हजारांना आणि २००० साली ४ लाख ८६ हजार ५०० डॉलरना गेले. पुनर्विक्रीत कलावंताला वाटा देणारा कायदा तेव्हा नव्हता. २००१ साली जॉनी निवर्तले. ५ टक्के वाट्याचा कायदा २००९ साली संमत झाला.

१२/ मात्र हे चित्रकार बाजाराचे केवळ बळी नव्हते. १९८१च्या सुमारास अनेक पिंटुपी कुटुंबे पापुन्या सोडून पश्चिमेकडे आपल्या भूमीवर, किंटोरला परतली. पुढे मूत्रपिंडाच्या विकाराने तेथील वृद्धांना डायलिसिससाठी सुमारे ५०० किलोमीटरवरील अ‍ॅलिस स्प्रिंग्जला जाऊन राहावे लागे. ज्यांच्या ज्ञानाचे मूळच भूमीत, त्यांना अखेरचे दिवस तिच्यापासून दूर काढावे लागत.

१३/ तेव्हा पिंटुपी स्त्री-पुरुषांनी एकत्र येऊन मोठी चित्रे रंगवली. नोव्हेंबर २००० मध्ये सिडनीतील लिलावात त्यांतून आणि दान मिळालेल्या इतर कलाकृतींतून १० लाखांहून अधिक डॉलर उभे राहिले. त्या पैशाच्या बळावर पुढे किंटोरमध्येच डायलिसिसची सोय झाली. भूमीच्या चित्रांनी माणसांना भूमीवर परत आणले.

१४/ आणि ती पहिली, ‘उघडी’ चित्रे? २०१७ साली डार्विनच्या संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा कोणती चित्रे मांडावीत आणि कोणती आत ठेवावीत, हे त्या समाजाच्या ज्येष्ठांशी विचारविनिमय करून ठरवण्यात आले.

१५/ इतिहासाच्या अभ्यासकाला सर्व काही जाणून घेण्याची ओढ असते, आणि ती योग्यच आहे. परंतु प्राचीन ज्ञानाला वारस असतात, आणि किती सांगायचे हे ठरवणे हाही त्यांचा हक्क असतो. पापुन्याच्या चित्रकारांनी तो हक्क ठिपक्यांनी बजावला. पुढे कधी अशा चित्रासमोर उभे राहिलात, तर त्यात जे दिसत नाही त्यालाही मान द्या.