फेरफार, सातबारा आणि कोसळलेला संगणक: युनिक्सच्या दुरुस्तीचा इतिहास (थ्रेड)

वलगावच्या एखाद्या शेतकऱ्याने शेत विकले, तर सातबाऱ्यावरचे नाव त्याच दिवशी बदलत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद पडते. हरकतीची मुदत सरते, नोंद प्रमाणित होते आणि मगच सातबाऱ्याला हात लागतो. मध्येच काही विपरीत घडले, तरी काय करायचे ठरले होते हे फेरफारात लिहिलेले असते. महसूल खात्याच्या अंगवळणी पडलेली ही शिस्त संगणकाच्या डिस्कपर्यंत पोहोचायला बरीच वर्षे लागली.

१९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची पायाभरणी केली. त्याआधीची मल्टिक्स ही प्रणाली अवाढव्य होती. मल्टिक्सवर काम करणारे टॉम व्हॅन व्लेक यांनी एक आठवण नोंदवली आहे. आपला निम्मा कोड केवळ चुका सावरण्यातच खर्च होतो, असे ते रिचींना म्हणाले. रिचींचे उत्तर असे, की युनिक्समध्ये ते सारे वगळलेच आहे. चूक झाली की ‘पॅनिक’ नावाचा उपक्रम चालतो, यंत्र थांबते आणि कुणीतरी ते पुन्हा सुरू करण्यासाठी ओरडून सांगतो. हा उद्धटपणा नव्हता. यंत्र शेजारच्या खोलीत आणि ते बांधणारा त्याच मजल्यावर असेल, तर हा हिशेब चोख होता. अडचण सुरू झाली ती युनिक्स त्या मजल्यावरून बाहेर पडल्यावर.

डिस्कवर नेमके काय बिघडते, हे दप्तराच्या भाषेत लवकर उमगते. युनिक्समध्ये प्रत्येक फाइलचा एक ‘आयनोड’ असतो. मालक कोण, आकार किती, मजकूर डिस्कच्या कोणत्या खणांत आहे, हे सारे त्यात असते. फाइलचे नाव मात्र नसते. नाव असते डिरेक्टरीत, आयनोडच्या क्रमांकासमोर. रिकाम्या खणांची यादी तिसरीकडे. म्हणजे सातबारा वेगळा, आठ-अ वेगळा आणि दोन्ही परस्परांशी जुळले पाहिजेत. त्यातच वेग साधण्यासाठी युनिक्स बदल आधी मेमरीत ठेवी आणि साधारण दर तीस सेकंदांनी डिस्कवर उतरवी. त्या तीस सेकंदांत वीज गेली, तर एक वही लिहिलेली आणि दुसरी कोरी राहे. एकाच खणावर दोन फाइली हक्क सांगत, किंवा मजकूर शाबूत असूनही त्याला नावच नसे.

आरंभी हा गुंता आयचेक, डीचेक, सीएलआरआय अशा सुट्या हत्यारांनी हाताने सोडवावा लागे. चुकीचा आयनोड पुसला, की फाइल कायमची गेली. १९७८ च्या सुमारास बेल लॅब्समधील टी. जे. कोवाल्स्की यांनी ‘एफएससीके’ हा प्रोग्राम लिहून ही तपासणी पाच टप्प्यांत बांधली: आधी खण, मग मार्ग, मग जोडणी, मग संदर्भांची मोजदाद, शेवटी रिकाम्या खणांची यादी. निनावी सापडलेल्या फाइली तो ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या डिरेक्टरीत ठेवी. तिथे आयनोडचा क्रमांक हेच नाव. जत्रेत हरवलेल्या मुलांना चौकीवर बसवतात, तसेच हे. फक्त इथे ओळख पटवायला माणसाला प्रत्येक फाइल उघडून पाहावी लागे.

भारतात १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँक शाखांच्या यांत्रिकीकरणाला वेग आला आणि पुढे अनेक शाखांत युनिक्सवर चालणारे सर्व्हर बसले. एक सर्व्हर, चार-सहा टर्मिनल, खडखडणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि बॅटरी थकलेला यूपीएस. वीज अवेळी गेली, की पुढच्या वेळी यंत्र नेहमीसारखे उभे राहत नसे. ते देखभालीसाठी रूटचा पासवर्ड मागे. आता ‘होय’ दाबावे की ‘नाही’, हा प्रश्न कारकुनापुढे असे आणि डाव पणाला लागलेला असे खातेदारांचा. दिवसअखेरीची टेप कपाटात असेल, तर नुकसान एका दिवसाचे. ती टेप कधी वाचूनच पाहिली नसेल, तर मोजदादच नाही. डिस्क वापरात असतानाच एफएससीके चालवणे हा या काळातला सर्वांत महाग पडणारा अडाणीपणा: तपासनीस वही दुरुस्त करीत असतो आणि त्याच वहीत दुसरा लिहीत असतो.

डिस्क मोठ्या झाल्या, तशी तपासणीही मिनिटांवरून तासांवर गेली. मग फेरफाराची युक्ती कामी आली. डेटाबेसच्या जगात ती १९७० च्या दशकातच रुळली होती. १९९० मध्ये आयबीएमच्या एआयएक्समध्ये ‘जर्नल’ असलेली फाइलप्रणाली आली, तर लिनक्सच्या मुख्य प्रवाहात स्टीफन ट्वीडी यांची ईएक्सटी३ नोव्हेंबर २००१ मध्ये दाखल झाली. काय बदलायचे ते आधी जर्नलमध्ये, मग मूळ जागी. यंत्र कोसळले तर सारी डिस्क चाळायची नाही, जर्नल पुन्हा वाचायचे. याच दशकात ग्रामीण महाराष्ट्र दिवसातले कित्येक तास भारनियमनात काढीत होता; ज्या कार्यालयांत लिनक्सचे सर्व्हर होते, तिथे या बदलाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागले नसेल. अर्थात जर्नल नोंदींची संगती राखते. झिजलेली डिस्क ते बरी करीत नाही.

वऱ्हाडचा या इतिहासाशी आणखी एक धागा आहे. मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा या गावी १९४६ साली जन्मलेले विजय भटकर १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकचे प्रमुख होते आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. १९९८ च्या ‘परम १००००’ मध्ये सनचे, दोन-दोन प्रोसेसरचे युनिक्स सर्व्हर एकत्र जोडले होते. १६० प्रोसेसर म्हणजे ८० सर्व्हर. समजा, एक सर्व्हर हजार दिवसांत एकदाच कोसळतो. ऐंशी मिळून दर बारा-तेरा दिवसांनी एक कोसळणारच, आणि तीन आठवड्यांचे गणित चालू असेल तर ते पुरे होण्याआधीच. म्हणून अशा यंत्रांवर चालणारे प्रोग्राम ठरावीक वेळाने आपली अर्धवट आकडेमोड डिस्कवर उतरवून ठेवतात; त्याला ‘चेकपॉइंट’ म्हणतात. सर्व्हर मेला, की गणित पहिल्या ओळीपासून नव्हे, शेवटच्या चेकपॉइंटपासून पुढे चालते.