ऑनलाइन मागवलं एक, आलं भलतंच: पैसे परत कसे मिळवायचे?

ईद जवळ आली की कुर्ला, जोगेश्वरी, गोवंडी, मालवणीच्या गल्ल्यांत पार्सलवाल्यांच्या फेऱ्या वाढतात. कुणी मुलीसाठी शरारा मागवतं आणि साधा कुर्ता येतो. कुणाला आठ नंबरऐवजी सहा नंबरचे बूट मिळतात. मग घरात एकच वाक्य ऐकू येतं, "जाऊ दे, चारशे रुपयांसाठी कोण डोकं लावणार?"

पण चारशे रुपये हीसुद्धा मेहनतीची कमाई आहे. ती परत मागण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. फक्त हातात पुरावा हवा आणि तक्रार वेळेत व्हायला हवी.

मोठी नावंही यातून सुटलेली नाहीत. डिसेंबर २०१८ मध्ये अभिनेत्री सोनाक्षी सिन्हा यांनी अॅमेझॉनवरून सुमारे १८ हजारांचे हेडफोन मागवले आणि बॉक्समध्ये लोखंडाचा तुकडा निघाला. त्यांनी ट्विटरवर फोटो टाकला आणि कंपनीने जाहीर माफी मागितली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला पनवेलच्या एका तरुणाने फ्लिपकार्टवर ५५ हजार भरून आयफोन मागवला होता. त्याच्या हातात कपडे धुण्याच्या साबणाची वडी पडली. त्याला भायखळा पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार द्यावी लागली. नाव मोठं असेल तर एक ट्वीट पुरतं, तुम्हा-आम्हाला कागद लागतो.

पार्सल उघडताना

महागडी वस्तू असेल तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा. आधी पत्त्याचं लेबल आणि सील दिसू द्या, मग बॉक्स उघडा. व्हिडिओ मध्ये तोडू नका. ओपन बॉक्स डिलिव्हरीची सोय असेल तर तीच निवडा आणि माल पाहिल्याशिवाय ओटीपी देऊ नका. बिल, ऑर्डर नंबर, वस्तूच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पैसे भरल्याचा मेसेज जपून ठेवा. रिकामा बॉक्सही लगेच फेकू नका.

डिलिव्हरी बॉयशी भांडून उपयोग नाही. बॉक्समध्ये काय भरलंय हे त्याला ठाऊक नसतं, आणि अनेकदा तो आपल्याच मोहल्ल्यातला पोरगा असतो.

पहिली पायरी: कंपनीकडे लेखी तक्रार

अॅपमध्ये जाऊन त्याच दिवशी रिटर्न टाका. फोनवर बोलणं झालं तरी चॅट किंवा ईमेलवर तेच पुन्हा लिहा आणि तक्रारीचा नंबर घ्या. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० नुसार प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. त्याचं नाव आणि ईमेल वेबसाइटवर असतं.

दोन उत्तरं हमखास मिळतात. एक, "या वस्तूवर नो रिटर्न आहे." जाहिरातीत दाखवलेला माल आलाच नसेल किंवा तो खराब, नकली असेल, तर विक्रेत्याला माल परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही, असं हेच नियम सांगतात. दुसरं, "आम्ही फक्त प्लॅटफॉर्म आहोत, विक्रेत्याशी बोला." विक्रेत्याचं नाव आणि पत्ता ग्राहकाला दाखवणं प्लॅटफॉर्मवर बंधनकारक आहे. म्हणून तक्रारीत विक्रेता आणि प्लॅटफॉर्म, दोघांचीही नावं लिहा.

दुसरी पायरी: १९१५

कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन करा. मराठी, हिंदीतही बोलता येतं. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ती तुमची तक्रार थेट कंपनीपर्यंत नेते. छोट्या रकमेची बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

सल्ला हवा असेल तर विलेपार्ल्यात मुंबई ग्राहक पंचायत आहे. १९७५ पासून ही संस्था ग्राहकांसाठी काम करते.

तिसरी पायरी: ग्राहक आयोग

तरीही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचं दार आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हा सगळा भाग मुंबई उपनगर जिल्ह्यात येतो. या जिल्ह्याचा आयोग वांद्रे पूर्वेला बसतो. कंपनीचं ऑफिस बंगळुरू किंवा दिल्लीत असलं तरी २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या तक्रार टाकता येते. मुदत दोन वर्षांची आहे. मालाच्या किमतीबरोबरच झालेल्या त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्चही मागता येतो. मात्र निकालाला वेळ लागू शकतो, म्हणून पहिल्या दोन पायऱ्या नीट चढा.

एक गोष्ट घरून काम करणाऱ्या बहिणींसाठी. दुकानात पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालावर ग्राहक म्हणून दावा करता येत नाही. पण स्वतः शिवून पोट भरण्यासाठी शिलाई मशीन मागवली असेल तर तुम्ही ग्राहकच आहात.

इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅपवरची खरेदी

इथे धोका जास्त. पत्ता नाही, बिल नाही, पैसे आधी यूपीआयने द्यायचे आणि नंतर नंबर ब्लॉक. अशा विक्रेत्याकडून घ्यायचंच असेल तर माल हातात आल्यावर पैसे देण्याचा आग्रह धरा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता सायबर हेल्पलाइन १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. तिथे भामट्यांनी टाकलेले नंबरही असतात. नंबर कंपनीच्या अॅपमधूनच घ्या. रिफंड मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. कुणी पिन, ओटीपी मागितला किंवा स्क्रीन शेअर करायचं अॅप टाकायला सांगितलं तर फोन ठेवा.

चूक आपल्या फायद्याची असेल तर?

मे २०२१ मध्ये मुंबईतल्या एका ग्राहकाने अॅमेझॉनवरून माउथवॉश मागवला होता, बॉक्समध्ये नवा मोबाइल निघाला. त्याने स्वतःहून कंपनीला कळवलं. चुकून आलेला माल ही अमानत आहे, तो ठेवून घेणं हलाल नाही.

हाच न्याय विकणाऱ्यालाही लागू आहे. मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगाखाली ओलं धान्य निघालं, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विक्रेत्याला फटकारलं होतं, ही हदीस सर्वांना माहीत आहे. मालात दोष निघाला तर सौदा मोडण्याचा हक्क फिकहने ग्राहकाला दिला आहे, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. आज आपल्यातल्या कित्येक बहिणी घरून अबाया, अत्तर, मिठाई ऑनलाइन विकतात. फोटोत जे दाखवलं तेच पाठवा, आणि चूक झाली तर गिऱ्हाइकाने दुसऱ्यांदा फोन करायच्या आत पैसे परत करा.