वीज मारते, वीज तारते

विजेच्या धक्क्याने माणूस मरतो, हे शेंबडे पोरही सांगेल. पण हृदय बंद पडून निपचित झालेला माणूस त्याच विजेने पुन्हा डोळे उघडू शकतो, ही गोष्ट मात्र जगाच्या गळी सहजासहजी उतरली नाही.

१८९९ साली जिनिव्हा येथे प्रेव्हो आणि बात्तेली हे दोघे संशोधक कुत्र्यांवर प्रयोग करीत होते. सौम्य विद्युत्प्रवाह दिला, की कुत्र्याचे हृदय ठोके देण्याऐवजी नुसते थरथरू लागे. स्नायू हलत, पण रक्त पुढे सरकत नसे. मात्र त्यावर जबर धक्का दिला, की ही थरथर थांबून ठोके पूर्ववत पडू शकत. विषावर उतारा विषाचाच! पुढे कित्येक वर्षे या शोधाकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

तो पुन्हा उजेडात आणला तो विजेच्याच धंद्याने. अमेरिकेत गावोगाव तारा पोहोचू लागल्या, तसे खांबावर चढणारे कामगार धक्का लागून मरू लागले. वीज कंपन्यांनी संशोधनाला पैसा पुरवला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात या कामात पडलेले विल्यम कौवेनहोव्हेन हे डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंता होते.

माणसावरचे पहिले यश १९४७ सालचे. क्लीव्हलंडमध्ये चौदा वर्षांच्या मुलाच्या छातीची शस्त्रक्रिया संपत आली असताना त्याचे हृदय थांबले. शस्त्रवैद्य क्लॉड बेक यांनी छाती पुन्हा उघडली, सुमारे पाऊण तास हृदय हाताने दाबत ठेवले आणि मग थेट हृदयालाच विजेचे धक्के दिले. मुलगा वाचला. पण छाती उघडलेली असेल तरच हा उपाय चालणार! बंद छातीवरून धक्का देण्याची किमया १९५६ मध्ये बोस्टनच्या पॉल झोल यांनी केली. १९६२ मध्ये बर्नार्ड लाऊन यांनी एकदिश प्रवाह वापरून ती अधिक सुरक्षित केली. अण्वस्त्रांविरुद्ध डॉक्टरांची जी संघटना १९८५ च्या शांतता नोबेलची मानकरी ठरली, तिचे एक संस्थापक हेच लाऊन.

तरीही यंत्र इस्पितळात आणि मरण घरात, ही विसंगती राहिलीच. झटका आल्यावर पुष्कळ रुग्ण पहिल्या तासातच जात. बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनी हे हेरले. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत राहून ब्रह्मदेशच्या रेल्वेमार्गावर राबलेला हा माणूस. रुग्ण यंत्रापर्यंत पोहोचत नसेल, तर यंत्रानेच रुग्णाकडे जावे, असा त्यांचा साधा हिशेब. मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे सत्तर किलोचे धूड त्यांनी रुग्णवाहिकेत चढवले आणि १९६६ पासून ती शहरभर फिरू लागली.

शेवटची पायरी राहिली होती ती डॉक्टरची गरज संपवण्याची. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत स्वयंचलित यंत्र आले. छातीवर पट्ट्या चिकटवल्या, की आजचे यंत्र हृदयाची लय स्वतः तपासते, काय करायचे ते बोलून सांगते आणि गरज नसेल तर धक्का देतच नाही. अमेरिकेतल्या जुगारघरांच्या पहारेकऱ्यांना ते वापरायला शिकवले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत धक्का मिळालेल्यांपैकी ७४ टक्के वाचले. उशीर झालेल्यांपैकी ४९ टक्के.

उपचाराविना जाणारे प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटवते. तालुक्याचे इस्पितळ गाठायला जिथे तास लागतो, तिथल्या वाचकाने हा हिशेब स्वतःच मांडावा. पण या इतिहासात त्याच्यासाठीही एक देणगी आहे. १९५८ मध्ये कौवेनहोव्हेन यांच्या प्रयोगशाळेत निकरबॉकर या तरुणाच्या लक्षात आले, की धक्का देण्यासाठी जड पट्ट्या कुत्र्याच्या छातीवर नुसत्या दाबल्या तरी रक्तदाब वाढतो. छाती दाबून रक्त फिरते ठेवण्याची आजची रीत त्यातूनच निघाली आणि १९६० मध्ये जगापुढे आली. तिला ना बॅटरी लागते, ना तार. यंत्र येईपर्यंत माणूस टिकवायला दोन हात पुरतात, फक्त ते आधी शिकलेले हवेत.